मिठाची गुळणी

रविवारी मिस्सा संपल्यावर
चर्चमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये
मी सात मुलांना धर्मशिक्षण देते.
आज आगीच्या पावसाचा धडा.
दोन देवदूत, पळणारं एक कुटुंब,
मागे पाहायचं नाही अशी ताकीद,
आणि तिनं पाहिलं.
मिठाचा खांब.

ऑलिन्डा, वय नऊ, पुढचा दात पडलेला, विचारते:
टीचर, तिचं नाव काय?

पानं उलटते. नाही.
नवऱ्याचं नाव आहे, त्याच्या चुलत्याचं आहे,
जळालेल्या गावाचंसुद्धा आहे.

त्याआधीची रात्र मी वर्गात सांगत नाही.
जमाव दाराशी आला
तेव्हा नवरा उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाला,
पाहुण्यांना हात लावू नका,
माझ्या दोन मुली आहेत, त्या देतो.
ती कुठे होती त्या वेळी?
तव्यावरची भाकर तशीच टाकून
पोरींचे कान झाकत असेल.
चार कान,
आणि हात दोन.
इथं पुस्तक तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं.

कोपरीच्या मिठागरात
माझी आय, लुर्दीन, चोवीस वर्षं ओणवी होती.
भरतीचं पाणी आत घ्यायचं,
या कोंडीतून त्या कोंडीत फिरवायचं,
उन्हाच्या हवाली करायचं,
मग फळीनं ओढायचं जे पांढरं उरेल ते.
हिच्या हातची मच्छी बिनमिठाचीही खारट लागते,
बाबा थट्टा करायचा.

बांधावरची झोपडी सोडायचा कागद आला.
टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर तिला बसवून
बाबा म्हणाला, आता मागं बघू नको, लुर्दीन.
पण टेम्पोत मागे बसलेल्या माणसाचं तोंड
मागेच असतं.
तिनं माजिवड्यापर्यंत पाहिलं.
पिंपाचं राहिलेलं झाकण.
न सापडलेली मांजर.
आणि शेजारची कासू,
जिच्या नावाचा कागद आलाच नव्हता,
बांधावर उभी, हातही न हलवता.

आय काही खांब झाली नाही.
चार मजले चढताना गुडघे कुरकुरले, इतकंच.
आणि त्या रात्री
ती कालवणात मीठ घालायला विसरली.
आम्ही अळणी जेवलो.
कुणी काही बोललं नाही, बाबासुद्धा.

मला आता ती शिक्षा वाटत नाही.
जिच्याकडून विरजण उसनं आणलं ती तिथे होती,
जिनं दोन्ही पोरी बाहेर काढल्या ती सुईण,
विहिरीवर रोज भांडणारी ती कजाग सुद्धा.
त्यांच्या डोक्यावर आग पडत असताना
एक बाई खाल्ल्या मिठाला जागली.
जागली,
आणि जागच्या जागी राहिली.
पुढे गेलेल्यांचं काय झालं
तेही मी मुलांना सांगत नाही.

ऑलिन्डा चित्र काढतेय.
पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूनं बाई.
दिसतच नाही.
मग ती भोवती नारिंगी घासू लागते,
जोर लावून, खडू मोडेस्तोवर,
मोडल्यावर तुकड्यानं,
आणि मध्ये कोरी राहिलेली जागा
हळूहळू खांदे होते, मान होते,
वळलेलं डोकं होते.

खाली नावासाठी तिनं रेघ आखून ठेवलीय.
पुढच्या रविवारी सांगा, टीचर,
म्हणते, आणि बोटांना लागलेली आग
फ्रॉकला पुसते.