आजून आत हाय

सामानाच्या वहीत मी लिहिलं:
फिनॉल्फथॅलिन, एक बाटली, शंभर मिली.
फुटली.
हेरवाडकर मॅडमनी न वाचता सही केली.
बाटली माझ्या डब्याच्या पिशवीत होती,
चटणी-भाकरीच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली,
आणि मी बिंदू चौकातून जवाहरनगरकडं
सायकल हातात धरून चालत निघालो होतो,
खड्डा दिसला की चाक उचलत.

कॉलेजात माझं काम ब्युरेटी धुण्याचं.
पोरं यायची, थेंब थेंब सोडायची,
पाणी गुलाबी झालं की ओरडायची,
मग एक थेंब जास्त पडला म्हणून
पुन्हा पहिल्यापासून.
फळ्यावर शून्य ते चौदा.
इकडं आम्ल, तिकडं आम्लारी,
मधला सात तेवढा उदासीन.
मला त्या साताची दया यायची.
मॅडम सांगायच्या, एकेक आकडा दहापटीचा असतो,
पाच आणि सहा शेजारी दिसतात,
शेजारी नसतात.
पोरं वहीत उतरवून घ्यायची.
मला उतरवावं लागलं नाही,
आमची गल्ली संपते तिथून पुढची गल्ली सुरू होते.

आण्णांच्या हौदांना आकडे नव्हते.
कातडं चुन्यात आठ-दहा दिवस,
केस सुटले की सुरीनं ओढायचे,
मग कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात,
आत शिरलेला चुना बाहेर यावा म्हणून.
तो पुरता निघाला नाही
तर बाभळीची साल, हिरडा, महिन्याची मेहनत,
सगळं फुकट; चामडं करकरतं,
चप्पल टाचेपाशी तडकते
आणि गिऱ्हाईक दुकानदाराला नाही, आपल्याला शिव्या देतं.
आण्णा पाण्यात करंगळी बुडवायचे,
करंगळी जिभेवर,
थुंकायचे,
आणि म्हणायचे, आंबूस हाय.
कधी काहीच म्हणायचे नाहीत,
मग आम्ही जेवायला थांबायचो.

त्या दिवशी कातडं अंगठ्यानं दाबून
ते म्हणाले, आजून आत हाय.
मी म्हटलं, थांबा.
कडेची बोटभर पट्टी कापली,
ताज्या कापावर एक थेंब सोडला.
वरचा काठ पांढराच,
खालचा काठ पांढराच,
आणि मधोमध, दोरा ओवावा तशी
गुलाबी रेघ.

आण्णा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.
चाळीस वर्षं जे ते 'आत' म्हणत आले
ते त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.
"मग मी काय सांगत हुतो," म्हणाले,
पण आवाज हळू,
पाळण्यातलं पोर उठू नये इतका.

"आणि एक सोड."
सोडला. पट्टी त्यांच्याच हातात होती, हात हलला,
थेंब तळहातावर पडला
आणि भेगाभेगांतून गुलाबी धावलं,
नखांच्या बुडाशी, अंगठ्याच्या घडीत,
जिथं जिथं कातडी राहिली नव्हती तिथं.
मी घाबरलो. ते हसले.
म्हणाले, माझंबी कापून बघतोस काय?

नळाखाली धुतलं. गेलं नाही.
राखेनं घासलं, उलट वाढलं;
राख कुठल्या बाजूची हे मला ठाऊक होतं,
तोंडातून शब्द निघाला नाही.
आई चुलीपुढून उठली,
काही न विचारता लिंबाची फोड आणली
आणि त्यांच्या हातावर पिळली.

रंग गेला.
असा गेला की आलाच नव्हता.
आण्णांनी ओठ आवळून धरले,
भेगांना झोंबत होतं.
हात उलटासुलटा करून बघितला
आणि मला विचारलं,
सायबाला विचारावं तसं,
"निघाला काय रं चुना?"

मी म्हटलं, वरचा.