मे महिन्यात

फालमथला दंव पडतं ते वर्षातून तीन-चार रात्री,
तेही घाईतल्या पाहुण्यासारखं, चहा न घेता जातं.
मारतो तो वारा. बंदरावरून चढणारा, मिठाचा.
हे लोवेनानं पहिल्याच दिवशी सांगितलं,
हाताची माती डगल्याला पुसत.

आम्ही गेलो होतो काहीतरी हिरवं आणायला.
बारा महिने हिरवं,
आणि शेजारच्या हॉकिंगबाईंकडे नसलेलं.
(दुसरी अट माझी.
हेरंबला फक्त पानं झाडायला नको होती.)

आमच्या गल्लीत कॅमेलिया सतरा. मोजल्यात मी.
आणि ग्रिसेलिनियाची कुंपणं इतकी सारखी
की चुकलेलं मांजर
कुठल्याही घराला आपलं म्हणेल.

"ही कोरिया," लोवेना म्हणाली.
"उत्तर की दक्षिण?" हेरंबनं विचारलं.
ऑस्ट्रेलियाची निघाली.
ऐन जानेवारीत घंटा लटकवते,
डाळिंबी, काठाशी कच्च्या हिरव्या.
वाजत नाहीत. म्हणूनच घेतली.

आझाराला फूल आहे यावर विश्वास बसेना.
पान उलटलं, तर खाली पिवळा रवा सांडलेला
आणि वास, कस्टर्डचा डबा नुकता उघडल्यासारखा.
हेरंब तिथेच उभा राहिला.
माणूस छत्तीस वर्षं हिशेबनीस,
या वासाची नोंद कुठल्या खात्यात करायची
त्याला सुचेना.

ड्रिमिसचं पान मी चावलं.
आधी काही नाही. मग मिरी.
मग बराच वेळ मिरीच.
लाल देठांचं, उंचीला माझ्या खांद्याएवढं,
ते मागच्या सीटवर आडवं निजवून आणलं,
पट्टा लावून.

जमिनीलगतचं निवडणं मात्र अवघड.
उभं झाड समोर येऊन आपली बाजू मांडतं,
पसरणाऱ्याला वाकून विचारावं लागतं,
आणि गुडघे माझे.
लेप्टिनेला घेतली, फर्नची तान्ही पोरं असावीत तशी,
दगडी पायऱ्यांच्या फटींसाठी.
आणि काळं गवत, ऑफिओपोगॉन,
ज्याचं नाव घेतल्यावर दात मोजून घ्यावेत.
करपलेल्या शेवयांसारखं दिसतं.
हेरंब म्हणाला, हे मेलेलं आहे.
लोवेना म्हणाली, सगळे हेच म्हणतात,
आणि पुढच्या आठवड्यात आणखी न्यायला येतात.

आम्ही पाच आणली. नंतर आणखी सहा.

दोन हिवाळ्यांत पाट्यांवरची शाई गेली,
लॅटिन उतारावरून वाहत बंदरात पोचलं असेल.
आता आझारा म्हणजे कस्टर्ड,
कोरिया मुकी,
गवत करपलं.
हॉकिंगबाईंनी कुंपणावरून नाव विचारलं,
मी "करपलं" म्हणाले,
त्यांनी ते दोनदा घोकलं आणि वहीत लिहिलं.

मग मे आला.
सगळ्या गल्लीला पालवी,
आणि आमचं ड्रिमिस पिवळं पडायला लागलं.
आतून, खालून, गुपचूप.
सकाळी सात पानं, दुपारी वीस.
हेरंबनं फाइल काढली, पावती काढली,
'सदाहरित' या शब्दाखाली रेघ मारली
आणि गाडी काढली.

लोवेनानं पावती वाचली. परत दिली.
"ही जुनी आहेत," ती म्हणाली. "नवीन आली, की ही जातात.
सदाहरित झाडंसुद्धा झडतात.
सगळी एकदम नाही, एवढंच."
आणि ट्रे उचलून बोगद्यात निघून गेली,
तिला दुसरी गिऱ्हाइकं होती.

गाडीत तो काही बोलला नाही.
पेनरिनच्या चढावर म्हणाला,
"म्हणजे इतकी वर्षं झडतच होती.
सगळीकडे."
मी म्हटलं, "हो."

वाटेत लोखंडी सामानाच्या दुकानात थांबलो,
झाडू घेतला, लांब दांड्याचा.

तो झाडतो. काळ्या गवतात पडलेली मात्र
मी राहू देते.
काळ्यावर पिवळं इतकं शोभतं
की तेवढ्यासाठी आणखी दोन मे हवेत.

झाडूची पावती फाइलमध्ये आहे.
त्याच पानावर. रेघेखाली.