इतर हक्क

खांबेटे वकिलांकडे मी सर्च काढते.
सकाळी तीस वर्षं मागे जायचं, इंडेक्स टूचा हात धरून,
आणि संध्याकाळी आजच्या तारखेला परत यायचं,
दूध घेऊन.

लोक तेच ते विचारतात.
टोकन परत मिळतं का.
करार झाला म्हणजे खरेदी झाली का.
बाल्कनी कार्पेटमध्ये धरतात का.
सासऱ्यांचं नाव घातलं तर पुढे भानगड नाही ना.
ताबा आणि भोगवटा, एकच का?
नाही, मी सांगते,
किल्ली मिळणं वेगळं, राहायची मुभा वेगळी.
त्यांना वाटतं मी गंमत करते.

बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो,
हे मात्र कुणाला सांगावं लागत नाही.

पिसोळीचा तो गट.
फेरफारांचे आकडे धरत मी खाली उतरले,
विहिरीत पायऱ्या चाचपत उतरावं तशी.
शहाऐंशी साली धोंडिबा मयत. वारस मुलगे तीन.
तलाठ्याचं अक्षर देखणं, खाडाखोड नाही.
तीस वर्षं बघितली की पुरतं, वकील म्हणतात,
पण मला आणखी थोडं मागे जायची खोड आहे.
एकाहत्तरचं गहाणखत:
रुपये दीड हजार, मुलगी गजरा हिचे लग्नकार्याकरिता.

कर्जाला होती,
वारसांत नव्हती.

अहवालात मी एकच ओळ घातली:
मुलगी असल्याचे दिसते, तिचा दस्त घ्यावा.

म्हणून आज निबंधकांकडे सगळे एकाच बाकावर.
ओवी आणि निशिकांत बिडवे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून,
सातव्या मजल्यावरचं घर घ्यायला.
बिल्डरचा माणूस, दोन मोबाइल.
आणि पुतण्याने गराड्याहून गाडीतून आणलेली गजराबाई,
नव्या साडीची घडीसुद्धा अजून मोडलेली नाही.

कागदावर अंगठा उमटला, शाईचा, ढगासारखा.
मशीनवर उमटेना.
आजी, दाबा. आजी, पुसून दाबा.
डावा बघू. पुन्हा उजवा.
मशीनला रेषा लागतात.
तिच्या रेषा राखेने, खुरप्याने, लोकांच्या भांड्यांनी
केव्हाच घासून नेलेल्या.
सर्व्हर गेला तर? निशिकांतने विचारलं.
मी म्हटलं, थांबायचं.

ती माझ्याकडे वळली.
बाई, आमचं कुठनं कुठवर व्हतं?

एवढी वर्षं झाली,
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
मी परिशिष्ट काढलं, चतुःसीमा वाचून दाखवल्या.
पूर्वेस अठरा मीटर रस्ता.
पश्चिमेस गट नंबर दोनशे सहा.
उत्तरेस सुविधा क्षेत्र.
दक्षिणेस ओढा.

वढा हाय अजून?

कागदावर आहे, म्हणाले मी.
साइटवर मी गेलेच नव्हते.
पुतण्या म्हणाला, आत्या, पाइप टाकलाय त्याला, वरून रोड.
ती म्हणाली, आस्सं.
मग मधलं बोट ठेवलं,
आणि मशीनने ते घेतलं.

जिन्यात ओवीने मला गाठलं.
मला वाटलं, कन्व्हेयन्सचं विचारेल, किंवा पार्किंगचं.
तिने विचारलं, त्यांना किती दिले?
मला आकडा पाठ होता. आकडा नव्हताच.
दस्तात तशी ओळ असते:
विनामोबदला, नैसर्गिक प्रेमापोटी.

ओवी काही बोलली नाही.
तिच्या हातात पावती होती, तिच्या एकटीच्या नावाची.

खाली गाडीपाशी गजराबाई अंगठा पुसत होती,
पदराच्या आतल्या बाजूला,
वरून डाग दिसू नये म्हणून.