मुदत

वर्षातले पाच महिने आमचा रस्ता बर्फाखाली असतो.
मेस्तियाहून औषधांचा ट्रक येतो ऑक्टोबरात,
त्यानंतर थेट मे महिन्यात.
कारखान्यातल्या माणसाला हे ठाऊक नसतं.
तो खुशाल छापतो : जानेवारीपर्यंत.

मी नाझिब्रोला. नर्स म्हणा, कंपाउंडर म्हणा,
तेवीस वर्षं या गावची अर्धी डॉक्टर.
कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात
आणि तारखा सगळ्या पाठ.

दोन हिवाळ्यांमागे बिमुर्झाची छाती दाटून आली.
मी बर्फ तुडवत गेले, मांडीमांडीपर्यंत.
जिभेखाली ठेवली ती इवलीशी गोळी,
मुदत संपून चार महिने झालेली,
बाटलीचं झाकण तर कितीदा उघडलेलं.
तो म्हणाला, “चुरचुरत नाही गं. खडूसारखी लागतेय.”
दुसरी ठेवली. तिसरी.
खडूच.
त्सिउरी कंदील धरून नवऱ्याच्या पायाशी उभी होती.
मला ती काहीच बोलली नाही.
सगळं संपल्यावर तिनं बाटली उचलली,
उजेडात धरली
आणि वाचली.

यंदा फेब्रुवारीत तिचा नातू, गेगी. सहा वर्षांचा.
श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या,
ओठांभोवती निळसर.
हेलिकॉप्टरला ढग आडवे.
माझ्याकडे चार कुप्या, पांढरी भुकटी,
नोव्हेंबरातच संपलेल्या.

त्सिउरीनं हात पुढे केला. “दाखव.”
मी दाखवली.
खोटं बोलता आलं असतं, अंगठा ठेवून आकडे झाकता आले असते.
“म्हणजे खडू,” ती म्हणाली.

मी सांगत राहिले, तिला की मलाच, कोण जाणे :
ती गोळी हवेनं खाल्ली होती.
ही सीलबंद आहे, कोरडी, अंधारात होती, थंडीत होती.
भुकटीचा गोळा झालेला नाही, रंग बघ.
तारीख म्हणजे कारखान्याची हमी,
हमी संपली म्हणून औषध त्याच रात्री मरत नाही.
काही मरतात. काही विषही होतात.
हे बहुतेक तसं नाही.

“बहुतेक,” ती म्हणाली.

आत गेगी खोकला. मग
खोकायचं थांबला, ते जास्त वाईट होतं.
त्सिउरीनं कंदील उचलला
आणि माझ्या हातापाशी धरला.
तसाच, त्या रात्रीसारखा.

पाणी घातलं. हलवलं. विरघळलं, नितळ,
फिकट पिवळं, ताकावरच्या निवळीसारखं.
सुई टोचली तेव्हा पोरगं रडलंही नाही.

चौथ्या दिवशी त्यानं भाकरी मागितली, वर मीठ लावून.
कुपीनं वाचवलं की पोराच्या हाडानं,
मला माहीत नाही.
कुणी विचारलं तर मी अजूनही बहुतेकच म्हणते.

मे महिन्यात ट्रक आला. साहेबांनी कपाट तपासलं,
वहीत लिहिलं : चार कुप्या, मुदतबाह्य, नष्ट केल्या.
मी सही केली.

संध्याकाळी त्सिउरी आली.
फडक्यात गुंडाळलेलं चीज टेबलावर ठेवलं.
बिमुर्झाचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.
दारापर्यंत जाऊन वळली :
“यावर तारीख नाही हो.
वास घेऊन बघ.”