सहा मिनिटांची चाल

तीस मीटरची ही मार्गिका,
दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू.
"सहा मिनिटं चालायचं, अन्झोर. धाप लागली तर थांबा,
घड्याळ मात्र थांबणार नाही."
तो हसतो. "घड्याळाला कुठं हृदय असतं!"

कुताइसीच्या या इस्पितळात
मी चालणाऱ्यांचे मीटर मोजते. गोळ्या मोजते.
घोट्यावर अंगठा दाबून
खळगा किती वेळ राहतो तेही.
अन्झोर, वय एकाहत्तर, क्रमांक शून्य-चार-सात.
चियातुराच्या दरीवरून मँगनीजच्या खाणीत
दोरखंडावरच्या पाळण्यातून माणसं नेणारा,
अख्ख्या पाळीचा जीव रोज टांगणीला लावून
संध्याकाळी ज्याचा त्याला परत देणारा.
आता हृदय फुगलंय लोहाराच्या जुन्या भात्यासारखं,
रक्तात साखर, फुप्फुसात काळी धूळ.
दुखणं एकटं येत नाही,
सोयरेधायरे घेऊन येतं
आणि पंगत उठायचं नाव घेत नाही.

आमच्या अभ्यासाला असेच लोक हवे होते,
हृदयाबरोबर साखर असलेले.
धूळ असली तरी चालेल.
मूत्रपिंड मात्र धड हवं: नियम बारा, पोटकलम ग.
त्या पोटकलमात गुलिको अडकली.
अन्झोरची शेजारीण. त्याच दिवशी, त्याच गाडीनं आलेली,
मांडीवर अक्रोडांची पिशवी.
तिच्या रक्ताचा आकडा रेघेच्या वर निघाला.
जरासाच.
मी अक्रोड ठेवून घेतले आणि तिला परत पाठवलं.

आज सत्तरावा दिवस.
नव्वदाची बाटली, वीस उरायला हव्यात.
तबकात ओतते, दोन-दोन करून सरकवते.
सहा.
पुन्हा मोजते.
सहाच.

"बाकीच्या चौदा?"
तो दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवत बसतो,
पट्टा केव्हाच सुटलेला असतो.
"तिलाही तीच धाप लागते, त्सियाला. जिना एकच आहे.
चौदा दिवस तिनंही घेतल्या.
आता दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढते."

बाटलीत औषध होतं की नुसतं पीठ,
त्याला माहीत नाही, मलाही नाही.
ते कुठल्याशा दूरच्या शहरात बंद लखोट्यात आहे.
पीठ असेल, तर ती कशाच्या बळावर चढली?
आणि औषध असेल, तर
तिच्या त्या जराशा वर गेलेल्या आकड्याचं काय?

"तिनं गोळ्या पोटात घातल्या," तो म्हणतो,
"तू एवढी गोष्ट पोटात घाल."

परत आलेल्या गोळ्या: सहा.
कारणासाठी दीड ओळीची जागा.
दीड ओळीत जिना मावत नाही.
चौदा गोळ्या दुसऱ्या व्यक्तीला दिल्या, मी लिहिते.
तो कागद वाचत नाही, माझं मनगट वाचतो,
तीस वर्षं दोरखंडाची थरथर ओळखलेला माणूस.
"म्हणजे मला काढणार?"
"माहीत नाही."
"आणि तिला?"
तिला काढायला ती आत होती कुठं.

शनिवारी मी चियातुराला जाते.
बर्फाच्या डब्यात दोन रिकाम्या नळ्या,
सुई, कापूस, आणि अपराध्यासारखी आणलेली मिठाई,
जी या इमारतीत कुणालाच चालत नाही
हे अर्ध्या वाटेत लक्षात येतं.
ही भेट कुठल्याच वेळापत्रकात नाही.
दरीवर जुना पाळणा अडकून पडलाय,
धड या काठाला नाही, त्या काठाला नाही.

गुलिको दार उघडते, बाही आधीच वर सरकवलेली.
"या खेपेला पास होईन ना?"
शीर सापडायला वेळ लागतो.
ती मला घाई करत नाही.

समोरच्या दारात अन्झोर उभा.
मी जिना चढत असताना तो कान देऊन होता म्हणे,
मी कुठं कुठं थांबते ते मोजत.
"दुसऱ्यावर," तो सांगतो. "आणि तिसऱ्यावरही."