निकालाची सकाळ

दांडिया बाजारात सेवउसळीचं पातेलं चढतं
तेव्हा तिकडे मतमोजणी लागते.
ह्यांनी फ्रिजवर नकाशा चिकटवलाय,
शाल्मलीच्या जुन्या रंगीत पेन्सिली,
एक लाल, एक निळी.
निळी मध्येच संपली,
म्हणून उरलेली राज्यं जांभळी.

खालचे दिघे वकील
शंभराची पैज लावून गेलेत.
"पेन्सिल्वेनियावर लक्ष ठेव," हे मला सांगतात,
जणू मी तिथूनच कोथिंबीर आणते.

बारापर्यंत ह्यांचं एकूण एक भाकीत खरं,
फक्त मिशिगन चुकलं.

शाल्मली मिशिगनला असते.
फोन लावला. तीही जागीच.
म्हणाली, यंदा पहिल्यांदा मत दिलं, बाबा.
कुणाला, ते नाही म्हणाली.

हातातली लाल पेन्सिल खाली ठेवून
ह्यांनी विचारलं,
थंडी किती आहे गं तिकडे?