उजवा खांदा

पॅटर्नच्या पाकिटावर छापलेल्या बाईला
वजन नाही.
एक हात कमरेवर, दुसऱ्यात इवलीशी पर्स,
दोन्ही खांदे एका रेषेत,
रिकाम्या तराजूसारखे.

आत कागद निम्माच असतो.
कापडाच्या घडीवर ठेवा, कापा, उलगडा,
की उजवं-डावं आपोआप सारखं.
चाळीस वर्षं मी याच भरवशावर कातर चालवली,
श्टायर गावात, दोन नद्या मिळतात त्या पुलाजवळ,
तळमजल्यावर, जिथे पाणी दोनदा शिरलं.

जानेवारीच्या शेवटी वालबुर्गा आली.
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झटकत म्हणाली,
"बंबवाल्यांचा बॉल आहे. गाऊन जमिनीपर्यंत हवा म्हणे,
नाहीतर दारातूनच परत."
तेहेतीस वर्षं तिने या गावात टपाल वाटलं.
बॉलच्या रात्री ती नऊला झोपायची,
चारला उठून पत्रं लावायची,
आणि चौकात तिला भेटायच्या
नाचून परतणाऱ्या बाया,
उंच टाचा हातात, पायांत नवऱ्याचे मोजे.

मी आधी मांजरपाटाचा नमुना शिवला.
अंगावर चढवला तर गळा उजवीकडे घसरला,
कमरेवर तिरकी चुणी,
जणू कुणी खालून कापड ओढतंय.
टेप लावली. उजवा खांदा
दोन सेंटीमीटर खाली, जरासा पुढे.
पिशवीचा पट्टा तिथे बसायचा.
हातगाडी फार उशिरा आली.

मी केलं ते सगळेच करतात:
कापसाचं पॅड घातलं.
आरशात खांदे सरळ.
वालबुर्गा बघत राहिली. मग म्हणाली,
"ही कोण?
हिच्या हातून मी पत्र घेणार नाही."

पॅड काढलं.
त्या रात्री तो निम्मा कागद टेबलावर पसरला,
शेजारी चिकटवला पार्सलचा खाकी कागद,
आणि जी बाजू कुणी कधी छापलीच नव्हती
ती पेन्सिलीने काढायला बसले.
खांद्याची रेघ उतरवली. मुंढा तेवढाच खाली.
टक्स एक सेंटीमीटर आत. चुकलं. खोडलं.
पुन्हा चुकलं.
दोन वाजता मधोमध रेघ होती, घडी नव्हती,
आणि दोन्हीकडे दोन सख्ख्या बहिणी,
त्यांतली एकच राबलेली.

सॅटिन तिनेच आणलं होतं, जड, पिकल्या प्लमच्या रंगाचं.
सॅटिन चूक पोटात घालत नाही,
सुई गेली की भोक राहतं.
म्हणून शिवणीत माया जास्त ठेवली,
चांगली दोन बोटं.
ती अस्तराखाली दडून राहते,
आणि कधी उसवायची वेळ आली
तर तिच्यावरच निभतं.

घेर मात्र अंगावरून मोजायचा नसतो.
ती उंच टाचांत उभी, कुरकुरत,
मी गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या, पट्टी उभी धरून
जमिनीपासून वर, गोल फिरत, खडूच्या खुणा.
जमीन तेवढी सगळीकडे सारखी,
असं माझी मालकीण शिकवायची.
या खोलीतली नाही. पुरानंतर खिडकीपाशी खचली आहे.
वालबुर्गाला दाराकडे सरकवून
सगळ्या खुणा परत केल्या.

बॉलला मी गेले नाही. गुडघे.
रविवारी दुपारी माझ्या पेटीत एक पाकीट पडलं,
बिनतिकिटाचं, हाताने टाकलेलं.
आत नाचांची यादी, दोरीला बारकी पेन्सिल.
नऊ ओळींपैकी सहांवर नावं,
सातवीवर "बसले. पाय."
आणि मागे, पत्ता लिहायच्या त्या सरळ अक्षरात:
"भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होते,
तरी तिघांनी मागून विचारलं,
आमचं काही आलंय का?"

तो खाकी कागद
वजन नसलेल्या बाईच्या पाकिटात मावत नाही.
गुंडाळून, सुतळी बांधून
कपाटावर ठेवलाय.